आईच्या पोह्यांच्या गाडीला महापालिकेने परवाना नाकारला. अपील कुठे करायचं?

पोहेवाल्या_मावशींचा_मुलगा

नमस्कार मंडळी. माझी आई एसटी स्टँडमागच्या गल्लीत पोहे-उप्पीट विकते. पहाटे साडेपाचला गाडी लागते, दहा-साडेदहाला आवरतो. गिऱ्हाईक म्हणजे मुक्कामी गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर, मंडईतले हमाल आणि क्लासची पोरं. मी पाचवीत होतो तेव्हापासून हे चालू आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

विक्री प्रमाणपत्रासाठी अर्ज केला होता. परवा पत्र आलं: "सर्वेक्षण यादीत नाव आढळत नाही. मागणी केलेली जागा ना-फेरीवाला क्षेत्रात येते. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे." फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करणारे आले तेव्हा आई आजीच्या वर्षश्राद्धाला गावी होती. शेजारच्या चहावाल्याचा फोटो काढला, आमची गाडी झाकलेली बघून पुढे गेले.

एफएसएसएआयची नोंदणी आहे. पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं दहा हजारांचं कर्ज घेऊन पूर्ण फेडलंय. वॉर्ड ऑफिसात एक जण म्हणतो पुढच्या सर्वेक्षणाची वाट बघा, दुसरा म्हणतो नगरसेवकाचं पत्र आणा. आई म्हणते, नाद सोड, दुसरीकडे लावू गाडी. काही करता येईल का?

निवृत्त_आवक_जावक

बाळा, नगरसेवकाचं पत्र राहू दे. मी एका नगरपालिकेत बरीच वर्षं टेबलामागे बसलोय. असल्या पत्रांचं काय होतं ते मला विचार.

पथ विक्रेता कायदा 2014 चा आहे, त्यातलं कलम 11 वाच. नगर पथविक्रेता समितीने प्रमाणपत्र नाकारलं तर अपील स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिकेकडेच करायचं. यातली गंमत अशी की समितीचे अध्यक्ष आयुक्त, आणि अपीलही त्यांच्याच इमारतीत. तेव्हा फार आशेने जाऊ नकोस, पण जा. अपीलदाराचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. सुनावणी झाली की कारणं कागदावर येतात, आणि उद्या उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तोच कागद लागतो.

आता त्यांची कारणं. यादीत नाव नाही, हे नकाराला पुरेसं नाही. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात कुणी प्रमाणपत्र मागितलं तर समिती ते देऊ शकते, कलम 4 मध्ये तशी तरतूद आहे. "देऊ शकते" म्हटलंय, "दिलंच पाहिजे" नाही, हेही लक्षात ठेव. पण तो विचार त्यांनी केलाय असं पत्रावरून तरी दिसत नाही. अपिलात हा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा तुझ्याच कपाटात आहे. स्वनिधीच्या वेळी यादीत नाव नव्हतं, मग कर्ज कसं मिळालं? महापालिकेने शिफारस पत्र दिलं असणार. म्हणजे कर्जापुरती आई पथविक्रेती, आणि प्रमाणपत्र मागितलं की अनोळखी? हे पत्र सगळ्यात वर लाव. एफएसएसएआयची नोंदणी जोड, पण तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. ती अन्नाची नोंदणी आहे, जागेचा हक्क तिच्यातून मिळत नाही.

आणि अतिक्रमण विभागाने कधी दंड केला असेल तर त्या पावत्या शोध. लोक रागाने फाडून टाकतात. अरे, आई त्या जागेवर त्या तारखेला धंदा करत होती, हे महापालिकेनेच सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय!

फुटपाथ_कुणाचा

राग मानू नका, पण गाड्यांमुळे आमच्या सोसायटीबाहेर चालायला जागा उरलेली नाही. सगळ्यांनाच परवाना दिला तर माणसांनी चालायचं कुठून?

निवृत्त_आवक_जावक

बरोबर आहे तुमचं, म्हणून तर कायद्यात विक्री क्षेत्रं ठरवायला सांगितलंय. पण ती ठरवायची पद्धतही त्यातच आहे. सर्वेक्षण आणि पथविक्री आराखडा झाल्याशिवाय कुठलीही जागा ना-विक्री क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. नुसती गर्दी होते म्हणूनही नाही. मुला, माहिती अधिकारात अर्ज टाक. मंजूर आराखड्याची प्रत, गल्ली ज्या ठरावाने ना-विक्री केली तो ठराव आणि तुझा अर्ज ज्या बैठकीत नाकारला तिचं इतिवृत्त माग. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. उत्तराची वाट बघत अपील मात्र अडवू नकोस. पत्रात मुदत दिली असेल तर ती पाळ, नसेल तर याच आठवड्यात दे.

दादर_पश्चिम_भेळ

मुंबईकडचं सांगतो. आमच्याकडे स्टेशनपासून 150 मीटर, शाळा-देऊळ-दवाखान्यापासून 100 मीटर हे अंतर सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या निकालापासून कानावर आहे. तो खटला मुंबई महापालिकेचा होता. तुमच्याकडचा कुणी तेच आकडे तोंडावर फेकेल, तेव्हा तुमच्या शहराचा आराखडा दाखवा म्हणायचं.

जागेचा हट्ट धरू नका, हा माझा अनुभव. अपिलात "ही जागा शक्य नसल्यास लगतच्या विक्री क्षेत्रात द्यावी" असं एक वाक्य घाला. अमुकच खांबाजवळ पाहिजे म्हणून भांडणारे आमच्यातले काही अजून भांडतायत.

अजून एक. गाडीवर लाल सिलिंडर असेल तर आजच काढा. घरगुती गॅसवर धंदा म्हणजे समोरच्याच्या हातात आयतं कोलीत. आणि माल उचललाच तर यादी घेतल्याशिवाय हलू नका. नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत द्यायचा असतो, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत.

पोहेवाल्या_मावशींचा_मुलगा

काका, दादा, आभार. आईच्या गोधडीखालच्या पिशवीत दंडाच्या पावत्यांची चळत सापडली, रबर लावून ठेवलेली. "पैसे भरलेत, टाकायच्या कशाला" म्हणाली. शिफारस पत्रही आहे. सिलिंडर लालच आहे, बदलतो. वकिलाचं काय करू? आणि सुनावणीला मी बोललो तर चालेल?

निवृत्त_आवक_जावक

अर्ज आईच्या नावावर आहे, तेव्हा आईनेच बोलावं, तू कागद पुढे करत राहा. ती घाबरत असेल तर म्हणणं लेखी देऊन टाक. वकिलासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

अपील आवक-जावकलाच दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घे. साहेबांच्या टेबलावर ठेवून येऊ नकोस. तिथले कागद कुठे जातात ते मी पाहिलंय.

पोहेवाल्या_मावशींचा_मुलगा

देऊन आलो, आवक क्रमांक मिळाला. तिथला माणूस म्हणाला, "असलं अपील इथे कुणी देत नाही." मी म्हटलं, कलम 11. त्याने चष्मा वर करून बघितलं आणि शिक्का मारला. निळ्या सिलिंडरचं डिपॉझिट ऐकून आईने मात्र मला फैलावर घेतलं. सुनावणीची तारीख आली की लिहितो.