कोळंबीतला रोग म्हणजे नशीब? मला मान्य नाही

बांधावरचा:
काल इथे एकाने लिहिलं की कोळंबीत रोग येणं न येणं हे नशीब आहे, ब्लीचिंग, चुना, पीसीआर (रोगजंतू शोधायची लॅबची टेस्ट) हे सगळे विकणाऱ्यांचे धंदे, बीज म्हणजे सोडलेली पिल्लं लागली तर लागली नाहीतर देव आला तरी वाचवत नाही. खाली ‘अगदी बरोबर’, ‘अनुभवाचे बोल’ म्हणणाऱ्यांची रांग. मला राहवेना म्हणून लिहितोय, लांबेल, पण वाचा.

व्हाइट स्पॉट, म्हणजे कवचावर पांढरे ठिपके पाडणारा व्हायरसचा रोग, त्याला औषध नाही हे खरंय. एकदा मरायला लागली की ३ ते १० दिवसांत तळं रिकामं. पण तो व्हायरस आभाळातून पडत नाही. बीजातून येतो, न गाळता ओढलेल्या पाण्यातून येतो, बांधावरून चालत येणाऱ्या खेकड्यातून येतो, शेजारच्या तळ्यात मारलेला पाग (फेकायचं जाळं) तसाच ओला आपल्यात मारला की येतो. चार दारं उघडी टाकून झोपलो आणि चोरी झाली तर त्याला नशीब कसं म्हणायचं?

माझंच सांगतो. दुसऱ्या पिकाला हाव सुटली, साठवणीच्या तळ्यातपण बीज सोडलं, म्हणजे पाणी ब्लीचिंग करून ठेवायला जागाच उरली नाही, बाहेरचं पाणी थेट आत. ४६व्या दिवशी चेक ट्रे (कोळंबी खाते का ते बघायला खाद्य ठेवून पाण्यात सोडतात तो) उचलला तर खाद्य तसंच. दुसऱ्या सकाळी चार-पाच कोळंब्या कडेकडेने सुस्त फिरतायत, अंगावर लालसर झाक. एकीचं डोक्यावरचं कवच सोलून उजेडात धरलं, आतून पांढरे ठिपके, नखाने खरवडले तरी जाईनात. पाचव्या दिवशी वासाने बांधावर उभं राहवत नव्हतं. ते नशीब नव्हतं हो, माझी चूक होती.

जुना तलाववाला:
कालचं लिहिणारा मीच. तुमची चूक झाली, तुम्ही सांगितलीत, बरं केलंत. आता माझी चूक कुठली ते सांगा. साठवण तळं आहे, खेकड्याची जाळी आहे, एसपीएफ बीज घेतलं, पीसीआर निगेटिव्हचा कागद हातात, तरी दोनदा पीक गेलं. आणि पलीकडचा काहीच करत नाही, त्याचा माल निघाला. मग मी नशीब नाही तर काय म्हणू?

लॅबवाली:
दादा, एसपीएफ म्हणजे यादीतले ठरावीक रोगजंतू नसलेलं बीज, रोग लागणारच नाही असं बीज नव्हे. तुमच्या तळ्यात व्हायरस असेल तर ते बीजही मरणार. आणि कागद बघताना किती पिल्लं तपासली ते बघा. लाखोंच्या लॉटमधून दीडशे घेतली तर २ टक्के लागण साधारण ९५ टक्के खात्रीने पकडता येते, त्याहून कमी असली तर निसटू शकते. दहा-वीस पिल्लांवर दिलेल्या निगेटिव्हला काही अर्थ नाही. मी हे काम करते, नमुना पिशवीत किती आला ते कोणी विचारतच नाही, सगळ्यांना फक्त शिक्का हवा असतो.

जुना तलाववाला:
म्हणजे टेस्ट करूनही निसटतं. मी वेगळं काय म्हणत होतो?

लॅबवाली:
निसटण्याची शक्यता कमी होते. शून्य होत नाही म्हणून टेस्टच नको, हा कुठला हिशोब?

गोड्या पाण्यातला:
आमच्या माशांकडे बघा की. नॉर्वेत सॅल्मनसाठी १९८७ साली जवळपास ५० टन अँटिबायोटिक जात होतं, लसी आल्या आणि उत्पादन कितीतरी पट वाढूनही तो आकडा एखाद्या टनावर आला. कोळंबीवाले अजून खाद्यात गोळ्या कालवतायत.

लॅबवाली:
कोळंबी अँटिबॉडी बनवत नाही, त्यामुळे माशासारखी लस तिला चालत नाही. म्हणूनच रोग आत येऊ न देणं हाच तिचा मुख्य बचाव. पण गोळ्यांचं अगदी बरोबर बोललात. व्हाइट स्पॉट व्हायरस आहे, त्यावर अँटिबायोटिकचा शून्य उपयोग. ईएमएस, म्हणजे कोळंबी लहानपणीच मरण्याचा रोग, त्यामागे व्हिब्रिओ बॅक्टेरिया आहे हे २०१३ मध्ये कळलं, पण तिथेही गोळ्यांनी जंतू रेझिस्टंट होतात, मालात अवशेष सापडले की अख्खा कंटेनर परत.

चेकट्रे:
तुम्ही सगळे मरणाऱ्या कोळंबीबद्दल बोलताय. ईएचपी हा सूक्ष्म परजीवी लागलेली कोळंबी मरत नाही, खाते आणि वाढत नाही. माझ्याकडे ९० दिवसांनी एकाच पागात बोटभर आणि अर्ध्या बोटाची, दोन्ही. पुढच्या पिकाआधी तळ सुकवला, चुनकळी (न विझवलेला चुना) हेक्टरी ६ टन, १०-१२ सेंटीमीटर नांगरून मिसळली, मग ओलं केलं, पीएच १२ पर्यंत चढवला, तेव्हा कुठे सुटलो. चिमूटभर चुना शिंपडून काही होत नाही.

पण माझा राग वेगळाच आहे. माझं त्याआधीचं पीक गेलं ते शेजाऱ्यामुळे. त्याच्याकडे व्हाइट स्पॉट आला, कुणाला बोलला नाही, रात्री ओहोटीला फाटक उघडून सगळं पाणी कालव्यात. पहाटे त्याच कालव्यातून मी पंप लावला.

बांधावरचा:
हे तर सगळ्यात वाईट. रोग आला हा गुन्हा नाही, लपवला हा गुन्हा आहे.

जुना तलाववाला:
गुन्हा? बांधावरून बोलायला सोपं आहे. रोग आहे म्हणून सांगितलं की व्यापारी तासाभरात भाव पाडतो, खाद्यवाला उधारी मागायला दारात, आणि तुम्हीच सगळे त्या माणसाकडे महारोग झाल्यासारखं बघता. कर्ज तुमच्या नावावर आहे का?

चेकट्रे:
कर्ज माझ्याही नावावर होतं! तुमचं वाचावं म्हणून माझं बुडायचं का? एक फोन केला असता तर मी आठ दिवस पंप लावला नसता. एक फोन!

लॅबवाली:
दोघंही थांबा. भाव पाडतात हे खरं आहे, आणि तो अन्यायच आहे, कारण व्हाइट स्पॉट माणसाला लागत नाही, विकण्याजोगी कोळंबी लगेच काढली तर खायला धोका नाही. पण काढायची ती जाळ्याने, फाटक उघडून नाही. पाणी आतच अडवून ब्लीचिंग मारायचं, निदान आठवडाभर ठेवायचं, मगच सोडायचं.

रात्रपाळी:
मला या भांडणात पडायचं नाही, पण कमी घनतेबद्दल कोणीच बोलत नाही याचं वाईट वाटतं. मी रात्रभर एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, बघतो. पहाटे तीन-चारला ऑक्सिजन सगळ्यात खाली, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत गेला की कोळंबी वर येऊन तोंड दाखवते. अशी चार पहाट गेलेली कोळंबी कुठल्याही रोगाला सापडते. बीज निम्मं टाका म्हटलं की मालक ऐकत नाहीत.

जुना तलाववाला:
घनतेचं मान्य. जास्तच टाकलं होतं मी, दोन्ही वेळा. बाकी सगळं मान्य केलंय असं समजू नका.

एक विचारायचंय. तीन नंबरच्या तळ्यात परवापासून मरतायत. उद्याच्या ओहोटीला फाटक उघडणार होतो. ब्लीचिंग नक्की किती?

लॅबवाली:
३० पीपीएम क्लोरीन, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम. पावडरमध्ये क्लोरीन किती टक्के आहे ते पोत्यावर बघून हिशोब करा, पावडर ३० पीपीएम टाकली म्हणजे क्लोरीन तेवढं होत नाही. जुनं, दमट पोतं असेल तर आणखी कमी. सोडण्याआधी क्लोरीन उडालंय ना ते किटने बघा.

चेकट्रे:
आधी कडेला आलेली मेलेली काढा, कावळे-बगळे उचलून दुसऱ्या तळ्यात टाकतात. खोल खड्डा, वर चुना. तो पाग एक-दोन नंबरवर नेऊ नका. आणि तुमच्या कालव्यावर जे कोण आहेत त्यांना आत्ता फोन करा, सकाळची वाट बघू नका.

जुना तलाववाला:
दोघांना केला. तिसरा उचलत नाहीये, त्याच्या बांधावर चाललोय.