आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, मग पास महिन्याचाच का?

दहिसरची_लेक (धागाकर्ती)
काल इथे एकांनी लिहिलं, "घरून काम करणाऱ्यांना कसली आलीये सवलत? दोन दिवस जाता, तिकीट काढा आणि गप्प बसा. पास रोज लटकणाऱ्यांसाठी असतो." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मुंबई लोकलच्या सेकंड क्लासबद्दल माझी तक्रार नाहीच. मासिक पास साधारण १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यात मिळतो, आठ दिवस जाऊन-येऊन केलं की वसूल. दुखणं मेट्रोचं आणि एसी लोकलचं आहे. दहिसर-अंधेरीच्या मेट्रो २ए आणि ७ वर २०२३ मध्ये मुंबई वन या प्रवासकार्डावर पास आणले. ४५ फेऱ्यांना १५ टक्के सूट, ६० फेऱ्यांना २० टक्के, मुदत ३० दिवस. हायब्रिडवाल्याच्या, म्हणजे आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जाणाऱ्याच्या, महिन्यात सोळा-अठरा फेऱ्या होतात, बाकीच्या बुडतात. गेटवर कार्ड टेकवलं की फेरी मोजली जातेच. मग २० फेऱ्या, ६० दिवस असा पास द्यायला अडचण काय?

एसी लोकलचं सुटं तिकीट ५ मे २०२२ पासून निम्म्यावर आलं, पास मात्र स्वस्त झाला नाही. म्हणजे तो वसूल व्हायला आधीच्या जवळपास दुप्पट फेऱ्या लागतात.

आणि हे फक्त लॅपटॉपवाल्यांचं नाही. आमच्या शेजारच्या आजोबांकडे येणाऱ्या केअरटेकर ताई दिवसाआड ड्युटी करतात. मेट्रोचा पास त्यांच्याही उपयोगाचा नाही. म्हणून मेट्रोला आणि रेल्वेला अर्ज पाठवायचा विचार आहे.

कळवेकर
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. तुमच्या "एसी लोकलच्या दुखण्या"ची किंमत आम्ही मोजलीये. ऑगस्ट २०२२ आठवतो का? साध्या गाड्या काढून त्यांच्या वेळेला एसी सोडल्या. कळव्याला सकाळच्या फास्ट गाडीत पाय ठेवायला मिळत नाही, म्हणून माणसं रूळ ओलांडून कारशेडमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतात तिथे, जाऊन गाडी पकडतात. बायकासुद्धा, डबा-पर्स सांभाळत, खालून हात देऊन चढवतात एकमेकींना. तीच गाडी एसी झाली, दारं बंद. लोक रुळावर उतरले, बदलापूरलाही उतरले, तेव्हा कुठे मध्य रेल्वेने त्या दहा एसी गाड्या मागे घेतल्या. आता त्याच एसीचा पास स्वस्त करा म्हणताय!

पंधराडबा
कळवेकर, एसी नको म्हणून चालायचं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ माणसं लोकलच्या दारातून पडून दगावली. दारं बंद होणारी गाडी हाच उपाय आहे.

कळवेकर
दारं बंद करा ना, साध्या भाड्यात करा! माझा धाकटा भाऊ रोज दारात उभा राहून जातो, हौस म्हणून नाही. एसीचा पास त्याच्या पगारात बसत नाही. तुम्ही विरारला बसून आम्हाला सुरक्षितता शिकवू नका.

पंधराडबा
विरारहून आम्ही काय पालखीतून येतो? बोरिवलीला उतरायचं म्हटलं तर उतरू देत नाहीत, तिथपासून आमची भांडणं सुरू होतात. गर्दीवर तुमचाच मालकी हक्क नाही.

दहिसरची_लेक
विषय भाड्याचा आहे. एसी विरुद्ध साधी हा वेगळा धागा काढा.

कळवेकर
वेगळा नाही, हाच आहे. पैसा आणि फेऱ्या कोणासाठी वापरायच्या, एवढाच प्रश्न आहे.

हार्बर_प्रवासी
मला व्यवहाराचं बोलायचंय. मेट्रोला गेट आहेत, लोकलला नाहीत. फेऱ्या मोजणार कोण? मोबाइल तिकिटासाठी स्टेशनवर लावलेल्या क्यूआर कोडचा फोटो फोनात ठेवून टीसी दिसल्यावर तिकीट काढणारे मी पाहिलेत. फेऱ्यांचा पास आला की टीसी येईपर्यंत फेरी वापरायचीच नाही, असं होईल. दुसरं म्हणजे, रेल्वेला पासचा हिशोब उघडायला लावू नका. जून २०१४ मध्ये १५ ऐवजी ३० प्रवासांचं भाडं लावायला निघाले होते, ओरड झाली म्हणून चार-पाच दिवसांत माघार घेतली. पुन्हा हिशोबाला बसले तर सेकंड क्लासही हातचा जाईल.

लंडनकर
इंग्लंडमध्ये जून २०२१ पासून रेल्वेचा फ्लेक्सी सीझन पास आहे, २८ दिवसांत कुठलेही ८ दिवस. माझ्या मार्गावर दोन दिवस जाणाऱ्याला बरा, तिसरा दिवस वाढला की गणित फिसकटतं. आमचा टीममेट साध्या सीझनवर परत गेला. तेव्हा फेऱ्यांचा आकडा जपून मागा.

दहिसरची_लेक
हार्बर_प्रवासी, गेटचा मुद्दा मान्य. म्हणूनच आधी मेट्रो म्हणतेय. आणि २०१४ ची भीती दाखवून किती वर्षं गप्प बसायचं? ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडच्या बंदीनंतर लोकल उघडली तेव्हा सुटं तिकीटच देत नव्हते, एका दिवसाच्या कामालाही महिन्याचा पास काढावा लागला. त्या वेळी आमच्या ऑफिसातल्या कितीतरी जणींनी निमूट पैसे भरले. माणूस रोजच जाणार हे गृहीत धरायची सवय तेव्हाही होती, आजही आहे.

कळवेकर
केअरटेकर ताईंचं पटतं. माझी मावशीही दिवसाआड जाते, घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीला. तिच्यासाठी २० फेऱ्यांचा पास मागत असाल तर मेट्रोच्या अर्जावर सही करतो. एसी लोकलची ओळ त्यात असेल तर नाही.

दहिसरची_लेक
एसीचा अर्ज वेगळा करते. घाटकोपर-अंधेरी ही मेट्रो १, तिचा कारभार वेगळा, त्यांनाही स्वतंत्र पाठवावा लागेल. मसुदा रविवारपर्यंत टाकते.

पंधराडबा
एसीच्या अर्जावर पहिली सही माझी.

कळवेकर
आणि त्याच्याविरुद्ध पहिला अर्ज माझा.