सीमाभागात अभ्यासाला विषय कमी नाहीत

ताई, तुमच्या मुलीला चळवळींवर पीएचडी करायची आहे आणि वर कुणीतरी लिहिलंय, 'सीमाप्रश्न भावनेचा, त्यावर संशोधन कसलं?' मला हे अजिबात पटत नाही.

१९९६ ची लोकसभाच घ्या. सीमाप्रश्न दिल्लीपर्यंत पोचावा म्हणून, कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने अर्जांचा पाऊस पाडला आणि बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यातही ४८० होते. मग कायदा बदलला : सर्वसाधारण उमेदवाराची अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली, अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागू लागले. उमेदवारी अर्ज हेच आंदोलनाचं हत्यार कसं झालं, याहून चांगला विषय कुठे मिळणार? त्या वेळी अर्ज भरलेली माणसं अजून गावोगाव आहेत. अनामतीचे पाचशे कुणी दिले, घरात काय बोलणं झालं, हे आत्ताच विचारून घ्यायला हवं. वय कुणासाठी थांबत नाही.

आणि फक्त भाषेच्या लढ्यावर थांबू नये. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं. शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेला महामार्गावर बसलेल्यांत मराठी होते तसे कन्नडही होते. तंबाखूच्या दराच्या प्रश्नावर एकत्र येणारी माणसं मतदानाला वेगळी का होतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एक मात्र नक्की सांगा तिला : कन्नड नुसती बोलता येऊन भागणार नाही, वाचता आली पाहिजे. तालुका कचेरीतलं आताचं दप्तर बहुतेक कन्नडमध्येच असतं.