पासवर्ड लावला, पण किल्ली कोणाकडे?

झूमवरच्या ऑनलाइन मीटिंगला पासवर्ड आणि वेटिंग रूम (होस्ट आत घेईपर्यंत थांबायची जागा) असली की ती सुरक्षित, असं म्हटलं जातं. त्याने आगंतुक बाहेर राहतात, एवढंच. झूम 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' असल्याचं, म्हणजे बोलणं सहभागींशिवाय कोणालाच, अगदी कंपनीलाही उलगडता येत नसल्याचं सांगत होतं, पण ते उलगडायच्या डिजिटल किल्ल्या कंपनीच्याच सर्व्हरवर होत्या. २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यावर बोट ठेवलं. खऱ्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची सोय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. ती चालू केली की क्लाउड रेकॉर्डिंग होत नाही, साध्या फोनवरूनही जोडता येत नाही. तरीही दर किंवा पगार ठरवायचे असतील तर ही गैरसोय सोसावीच.

मला जास्त धास्ती वाटते ती नोंदी घेणाऱ्या एआय बॉटची. सहभागींच्या यादीत 'नोटटेकर' असं काहीतरी दिसतं, कोणी हटकत नाही, आणि सगळं बोलणं तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतं. होस्टने त्याला सुरुवातीलाच बाहेर काढावं.