मणक्याच्या फ्रॅक्चरवरील शस्त्रक्रिया: पंधरा-वीस वर्षांनंतर काय?

सप्रेम नमस्कार,

उंचावरून पडल्यामुळे माझ्या धाकट्या भावाच्या कमरेच्या पहिल्या मणक्याला बर्स्ट फ्रॅक्चर (मणका चिरडून त्याचे तुकडे बाहेर सरकणे) झाले आहे. पायांतली ताकद आणि संवेदना शाबूत आहेत, लघवीवरही ताबा आहे. एका सर्जननी स्क्रू आणि रॉड बसवायला सांगितले, तर दुसऱ्यांनी ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा) लावून वाट पाहू असे सुचवले. पंधरा-वीस वर्षांनी त्याची पाठ कशी असेल, हीच आम्हाला काळजी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

*

ताई, सप्रेम नमस्कार.

मणक्यांच्या रुग्णांवर उपचार करण्यातच माझी नोकरीची सारी वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मज्जातंतूंवर दाब येऊन पाय लुळे पडू लागले असते किंवा मणके जागेवरून सरकले असते, तर शस्त्रक्रियेला विलंब करू नका, असेच मी म्हटले असते. तुमच्या भावाची स्थिती तशी दिसत नाही, आणि नेमक्या अशाच रुग्णांबाबत तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत.

अमेरिकेत वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंना इजा नसलेल्या, स्थिर बर्स्ट फ्रॅक्चरच्या 47 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे शस्त्रक्रिया आणि बिनशस्त्रक्रिया उपचार अशा दोन गटांत विभागणी केली होती. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या वेदनांत लक्षणीय फरक नव्हता. त्यांतल्या 37 जणांना 16 ते 22 वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा शस्त्रक्रिया न झालेल्यांना वेदना कमी होत्या आणि दैनंदिन हालचालीही अधिक सुकर होत्या. पाठीचा बाक मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांत सरासरी 13 अंश, तर न झालेल्यांत 19 अंश होता. रुग्ण थोडे होते, हे खरे. शिवाय 2006 सालच्या नेदरलँड्समधील अभ्यासाने शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल दिला होता. परंतु त्यातला पाठपुरावा सरासरी चारएक वर्षांचाच असल्याने, तुम्ही विचारलेल्या कालावधीसाठी मी पहिल्या अभ्यासाला अधिक महत्त्व देतो.

स्क्रू-रॉडने सरळ केलेला मणका एक्स-रेत सुरेख दिसतो, पण लगतची, दोन मणक्यांमधली चकती (डिस्क) दबत गेल्याने ती सुधारणा पुढे काही अंशी ओसरते, विशेषतः स्क्रू काढल्यानंतर. याउलट, मज्जारज्जूच्या पोकळीत सरकलेले हाडाचे तुकडे शस्त्रक्रियेविनाही बऱ्याच रुग्णांत हळूहळू विरघळतात. त्यामुळे स्कॅनमध्ये पोकळी अरुंद दिसली, एवढ्यावरून घाबरून निर्णय घेऊ नये.

तरीही ब्रेसचा निर्णय डोळे झाकून घेऊ नका. मणक्यामागचे अस्थिबंध (लिगामेंट) तुटले आहेत का, हे एमआरआयमध्ये पाहायला सांगा. ब्रेस घालून उभे राहिल्यावर एक्स-रे काढून घ्या, कारण पडून काढलेल्या चित्रात न दिसणारा बाक शरीराचा भार पडताच उघड होतो. तो वाढत असेल, तर पहिल्या सर्जनचा सल्ला मला योग्य वाटेल.

आणि पायांत अशक्तपणा आला, बैठकीच्या भागात बधिरपणा जाणवला किंवा लघवी अडली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्या.