बहुपदीची 'कोटी' की 'घात'?

अनुवादवाली: नववीच्या बीजगणिताच्या व्हिडिओंचं मराठी करतेय. बहुपदीच्या (म्हणजे २क्ष² + ३क्ष + ७ सारख्या राशीच्या) डिग्रीला सगळीकडे 'कोटी' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी खोडून 'घात' केलं, म्हणे कोटी म्हटलं की मुलांना रुपयेच आठवतात. पण आता एक वाक्य असं झालंय, "क्ष वर्ग गुणिले य घन, या पदाचा घात ५". कुणाचा घात? क्षचा २ आहे, यचा ३. काय ठेवू?

खडूफळा: कोटीच ठेवा ताई. घातांक एकेका चलाचा (क्षचा वेगळा, यचा वेगळा), कोटी अख्ख्या पदाची, म्हणजे २ अधिक ३ पाच, आणि बहुपदीत ज्या पदाची कोटी सगळ्यात मोठी तीच बहुपदीची. दोन्हीला एकच शब्द वापरला की पोरं क्षचा घातांक बघतात आणि २ लिहून मोकळी होतात, दरवर्षी पेपरात दिसतं हे.

नाशिककर: मग 'एकघाती समीकरण' इतकी वर्षं कसं चाललं? एककोटी कुणी म्हणत नाही. जो शब्द तोंडात बसलाय तो काढून जड शब्द कशाला घालायचा?

मोडीप्रेमी: जड कसला, आपलाच आहे. कोटी म्हणजे धनुष्याचं टोक, त्यावरून वरची पायरी, 'उच्च कोटीचा' म्हणतो ना. सगळ्यात मोठा घातांक म्हणजे टोकच झालं की, मला तरी तिथूनच आलाय असं वाटतं.

नाशिककर: आणि कोटिकोन? तिथे दोन कोनांची बेरीज ९० अंश, टोक कुठंय?

मोडीप्रेमी: तो त्रिकोणातून आला. भुज, कोटी, कर्ण या काटकोन त्रिकोणाच्या बाजू, भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात आहेत. कोटिज्या म्हणजे कोसाइन, आणि ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आलं ना परत धनुष्य!

पुणेरी_काका: कोटीचा 'प्रकार' असाही अर्थ होतो. ३३ कोटी देव म्हणजे ३३ प्रकारचे, असंही काही जण मानतात.

अनुवादवाली: काका, माझं बहुपदीचं राहिलंय. नुसत्या ७ ची कोटी काय लिहू?

खडूफळा: ०, कारण ७ म्हणजे ७ गुणिले क्षचा शून्यावा घात. फक्त शून्य बहुपदीची कोटी ठरवता येत नाही, तिथे ० लिहू नका.

पुणेरी_काका: बृहदारण्यक उपनिषदात ३३ देव मोजून दिलेत, ८ वसू, ११ रुद्र, १२ आदित्य, इंद्र आणि प्रजापती.

नाशिककर: हो, पण तिथे 'त्रयस्त्रिंशत्', म्हणजे नुसतं तेहेतीस, आहे, कोटी शब्दच नाहीये.