टूल बदला, पण विचारून

ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टमध्ये मेंटेनरनं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यानं, ठरवलेलं टूल मुकाट्यानं वापरावं हे भाऊ तुमचं म्हणणं अर्धं पटते, कारण रोजचे पॅच, म्हणजे लोकांनी पाठवलेले कोडमधले बदल, तोच तपासून राहिला, आपण येऊन जाऊन. पण लिनक्स कर्नलवालेच (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणारे) बघा ना, 2002 मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला बिटकीपर हे टूल घेतलं तेव्हा ते ओपन सोर्स नाही म्हणून केवढा वाद झाला, आणि 2005 मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला तेव्हा लिनक्सचे जनक टोरवाल्ड्सना त्याच कामासाठी स्वतः गिट हे टूल लिहावं लागलं, म्हणजे विरोध करणारे काही उगाच बोलत नव्हते. आजही तिथं पॅच ईमेलनंच जाते, लोक त्याला जुनाट म्हणतात पण मी यवतमाळकडच्या खेड्यातून काम करतो, दिवसा लाइन जाते, नेटवर्क फक्त गच्चीवर, तिथं चार केबीचा पॅच सिग्नलच्या एका दांडीवरही निघून जाते.

मागं एका प्रोजेक्टनं मेकफाइल (कोडपासून प्रोग्राम बनवायच्या सूचनांची फाइल) काढून सगळं कंटेनरमध्ये (लागणारं सगळं सॉफ्टवेअर भरलेल्या गाठोड्यात) टाकलं, दोन जीबी डाउनलोड, मी तीन रात्री मोबाइल कठड्यावर ठेवून हॉटस्पॉट लावून बसलो, दरवेळी अर्ध्यातच तुटे. बदल होता एका ओळीचा! नवीन टूल आणा न, पण जुनी मेकफाइल वर्षभर तरी राहू द्या, आणि काढायच्या आधी एकदा विचारा तरी.